सुतळीने बांधलेले धडे

चंद्रपूरकडच्या मूल गावातल्या ज्या राइस मिलमध्ये मी पहिली नोकरी केली, तिथल्या मजुरांच्या बोलण्यात वर्षांना आकडे नसत, नावं असत. घड्याळाचं साल, पाटीचं साल, वहीचं साल आणि शेवटचं खोलीचं साल. "माह्या पोरीचं लगन घड्याळाच्या साली झालं," असं हमालांचा म्होरक्या महादेव सांगायचा आणि ऐकणाऱ्याला ते नेमकं कळायचं. ही नावं ज्यांच्यामुळे पडली ते आमचे मॅनेजरसाहेब मागच्या पावसाळ्यात नागभीडला वारले. मला ते दोन महिन्यांनी कळलं.

त्यांच्या नावावर तीस वर्षं एक ठपका राहिला. मिलमधल्या बाया त्यांना दगाबाज म्हणत राहिल्या. दगा मी केला होता. एवढं एक वाक्य लिहायला मला तीस वर्षं लागली, म्हणून ते आधीच लिहून टाकतो. पण माणूस कसा होता ते सांगितल्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही.

साहेब रोज नागभीडहून सकाळच्या पॅसेंजरनं मूलला यायचे. उंच, खांद्यात जरासे वाकलेले, शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेलं. एका हातात डबा, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक जाडजूड पुस्तक. चाळिशी उलटल्यावर त्यांनी टपालानं शिकायच्या एका अभ्यासक्रमात नाव घातलं होतं. व्यवस्थापनाची पदविका. त्यातलंच हे पुस्तक. दुसऱ्यांकडून काम कसं करून घ्यायचं याबद्दल शहाण्या लोकांनी आजवर काय काय विचार केला, एका पिढीनं मांडलेलं पुढच्या पिढीनं कसं मोडलं, त्याची सगळी हकीकत त्यात धड्याधड्यानं दिली होती.

असं पुस्तक लोक परीक्षेपुरतं वाचतात. साहेबांनी मात्र स्वतःला एक नियम घालून घेतला होता. एक धडा वाचायचा, तो पूर्ण हंगामभर मिलमध्ये लागू करून बघायचा, आणि तो पास की नापास ते ठरल्यावरच पुढचं पान उलटायचं. मोह होऊ नये म्हणून पुढचे सगळे धडे त्यांनी पोती शिवायच्या सुतळीनं करकचून बांधून ठेवले होते. आमचा हंगाम दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत. म्हणजे वर्षाला एक धडा. एक दिवस अभ्यासक्रमवाल्यांचं पत्र आलं की मुदत संपली, आता परीक्षेला बसता येणार नाही. साहेबांनी पत्राची घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, "बरं झालं. आता घाई नाही."

मी चंद्रपूरहून नुकताच बी.कॉम. होऊन आलेला त्यांचा मदतनीस. तेच धडे मी गाइडमधून पाठ करून पेपरात उतरवले होते, त्यामुळे साहेबांच्या पुढे काय वाढून ठेवलंय ते मला आधीच ठाऊक असायचं. एकदा न राहवून म्हणालो, "साहेब, तुम्ही हे जे करताय ना, ते पुढच्या धड्यात सगळं खोडून..." त्यांनी दोन्ही तळहात कानांवर दाबले. एरवी ते माझ्याशी जपून पुस्तकी मराठी बोलत, पण घाबरले की घरची बोली बाहेर यायची. "सांगू नोको बे! मले माह्यं माह्यं चुकू दे."

मी एवढी पुस्तकं पाठ केली, पण स्वतःचं स्वतः चुकायची हौस असलेला दुसरा माणूस मला भेटला नाही.

पहिला धडा घड्याळवाल्यांचा होता. प्रत्येक कामाची एकच सर्वांत चांगली रीत असते, ती घड्याळ लावून शोधायची आणि सगळ्यांना शिकवायची, असं त्या लोकांचं म्हणणं. साहेबांनी शाळेतल्या ड्रिल मास्तरांकडून शर्यतीचं घड्याळ मागून आणलं आणि गोदामाच्या दारात उभे राहिले. पाठीवर पोतं घेऊन आलेला महादेव थबकलाच.

"म्यानेजर भाऊ, शर्यत हाये का?"

"शर्यत नाही. किती वेळ लागतो ते बघतोय."

"पयला आलो तं काय भेटन?"

"काही नाही."

"मंग पळाचं कायले?" असं म्हणून तो इतक्या सावकाश निघाला की जणू पाठीवर पोतं नसून झोपलेलं लेकरू असावं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी घड्याळ खिशात लपवलं. महादेव जाता जाता म्हणाला, "भाऊ, तुमचा खिसा टिकटिक करून राह्यला."

पण साहेबांना खरं छळलं ते खळ्यानं. उकडलेलं धान सिमेंटच्या मोठ्या खळ्यावर वाळत घालतात. बाया ओळीनं पाय घासत त्यातून चालतात, पायांनीच धान वरखाली होतं आणि सगळीकडून वाळतं. नऊ बाया होत्या, सगळ्या जवळच्या एकाच गावच्या. यमुनाबाई त्यांच्यात पुढे. ठेंगणी, काळी, बोलायला तिखट. तिची ओळ जिकडे वळेल तिकडे बाकीच्या आठजणी वळायच्या. साहेबांनी एका बाईला एक पट्टा फिरवायला लागणारा वेळ मोजला, गणित मांडलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की दुपारनंतर खळं नेहमी आठच बायांच्या वेगानं चालतं. सकाळी मोजल्या तर नऊ. संध्याकाळी मोजल्या तर नऊ. मधल्या वेळात उन्हाच्या झळांतून, डोक्यावर पदर ओढून सारख्या फिरणाऱ्या बाया खिडकीतून मोजणं कोणाच्या बापाला जमलं नसतं. साहेबांच्या वहीत पानापानावर समासात एकच प्रश्न लिहिलेला असायचा: "नववी बाई?"

शेवटी एक दिवस ते स्वतः चपला काढून सकाळपासून बायांबरोबर धानातून चालले. त्या दिवशी वेग अगदी बरोबर आला आणि ते आणखीच बुचकळ्यात पडले. संध्याकाळी तळपायांना फोड आलेले. यमुनाबाईनं आपल्या पुरचुंडीतून खोबरेल तेलाची बाटली काढून पुढे केली.

"भाऊ, तुमी पायानं फिरवून राह्यले. धान कमरेनं फिरवा लागते."

साहेबांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. त्या दिवसापासून त्यांनी खळ्यावर कधी चप्पल घातली नाही. उन्हाळ्यात सिमेंट असं तापायचं की मांजर त्यावरून जायचं नाही, पण साहेब जायचे. "दुसऱ्याच्या ताटात जाणारी वस्तू आहे," एवढंच म्हणायचे. हंगाम संपल्यावर त्यांनी निकाल जाहीर केला: "धडा नापास. घड्याळ माणसाला मोजत नाही. माणूसच घड्याळ बघून चालतो." मग सुतळी सोडली, पुढचा धडा मोकळा केला आणि उरलेलं पुस्तक पुन्हा बांधून टाकलं.

पाटीचं साल आठवलं की मला अजून हसू येतं. त्या धड्याचं सार असं, की प्रत्येकाचा एक आणि एकच वरिष्ठ असावा आणि कोण कोणाच्या हाताखाली ते सर्वांना दिसावं. साहेबांनी रंगाऱ्याला बोलावून मिलच्या दर्शनी भिंतीवर चौकोनांची उतरंड रंगवून घेतली. सर्वांत वर शेठ, त्याखाली मॅनेजर, मग मी, मग हमाल, आणि तळाशी रांगेत नऊ छोटे चौकोन. यमुनाबाईला वाचता येत नव्हतं, पण वर-खाली कळत होतं.

"आमी साऱ्याइच्या खाली काऊन?"

"खाली नाही, बाई. तुम्ही पाया आहात. सगळी मिल तुमच्यावर उभी आहे."

"असं हाये तं मंग उलटं टांगा ना!"

बाया खो-खो हसल्या. साहेब हसले नाहीत. दोन दिवस ते त्या भिंतीसमोर येऊन उभे राहायचे. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "धड्यात असं लिहिलेलं नाही. पण असं करू नये असंही लिहिलेलं नाही." त्यांनी रंगाऱ्याला परत बोलावलं आणि सगळी उतरंड उलटी काढून घेतली. वर नऊ बाया, तळाशी शेठ. अशी उलटी उतरंड पुस्तकात बरीच पुढे, सुतळीच्या आत येते, हे मला माहीत होतं. मी जीभ चावून गप्प राहिलो. शेठ नागपूरहून परतले आणि त्याच दिवशी भिंतीला चुना लागला.

एक वरिष्ठ असण्याचा नियम मात्र मजुरांनी मनावर घेतला. शेठच्या आई मिलच्या मागेच राहायच्या आणि गॅलरीतून वाटेल त्याला वाटेल ते काम सांगायच्या. त्या साली महादेवनं खालून हात जोडून सांगितलं, "मायबाई, तुमी भितीवर नव्हत्या हा. भितीवर होत्या तं सांगा, आत्ताच्या आत्ता करतो." म्हातारीनं दोन दिवस जेवण सोडलं. साहेबांनी धडा हंगाम संपायच्या आधीच नापास केला.

वहीच्या सालाबद्दल थोडंच सांगतो. माणूस महत्त्वाचा नाही, पद महत्त्वाचं, आणि प्रत्येक गोष्टीची नोंद हवी, असा तो धडा. झाडूचीसुद्धा वही झाली. अंगठा लावून झाडू घ्यायचा, अंगठा लावून परत करायचा. यमुनाबाईनं विचारलं, "झाडूचं नाव वहीत आलं. आता त्याले दिवाळीची सुट्टी लागू हाये का?" साहेबांनी त्यावरही विचार केला असावा, कारण उत्तर द्यायला त्यांना बराच वेळ लागला.

आणि मग खोलीचं साल आलं.

त्या धड्यातल्या लोकांना एक शोध लागला होता. एका कारखान्यात दिवे वाढवले तर काम वाढलं, आणि कमी केले तरीही वाढलंच. म्हणजे फरक दिव्यांचा नव्हताच. कोणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय, याचा होता. साहेबांनी मोठा बल्ब आणून दिव्यांचा प्रयोग करायला घेतला, पण आमच्याकडे वीजच मनाला येईल तेव्हा जायची, त्यामुळे दिवे कमी-जास्त कोण करतंय तेच कळेना. त्यांनी दिवे सोडले आणि धड्याचा गाभा धरला. माणसाला मन असतं, आणि ते कोणी विचारत नाही.

रिकाम्या पोत्यांची एक लहान खोली होती. ती झाडून घेतली, सतरंजी घातली, मातीचा माठ ठेवला. प्रत्येकानं पाळीपाळीनं अर्धा तास तिथं येऊन बसायचं आणि मनात येईल ते बोलायचं. पेन नाही, कागद नाही, सल्ला नाही. खोलीतलं खोलीबाहेर जाणार नाही, असं साहेबांनी सगळ्यांसमोर खळ्यावर अनवाणी उभं राहून सांगितलं. "माह्या शब्दावर इस्वास ठेवा," म्हणाले. पुस्तकी मराठी त्या दिवशी त्यांना सुचलीच नाही.

सुरुवातीला स्वतःच बसले. पण त्यांना ऐकता यायचं नाही. महादेवनं गुडघा दुखतो म्हटलं की हे गुडघ्यावर वीस मिनिटं बोलायचे. चार दिवसांनी मला म्हणाले, "मी नालायक आहे या कामाला. तू कमी बोलतोस. तू ऐक. आणि मला काही सांगायचं नाही."

"तुम्हालासुद्धा नाही?"

"मलासुद्धा नाही. शब्द दिलाय."

पहिले आठ-पंधरा दिवस बाया नुसत्या पाणी पिऊन, पदर सावरून निघून जायच्या. मग हळूहळू बोलायला लागल्या. मी काही चांगला श्रोता होतो असं नाही. मला बोलायची भीती वाटायची, त्यांना ती समज वाटली. एका दुपारी यमुनाबाई आली, भिंतीला पाठ टेकून बसली आणि म्हणाली, "बाबू, तुले एक सांगतो. आमी सावलीची पाळी करतो."

खळ्याच्या कडेला तुसाचा मोठा ढीग असायचा. त्याच्यामागे, कुंपणाला लागून करंजाचं झाड. रोज दुपारी नवातली एक बाई तिथं जाऊन पडायची. जिची पाठ धरली असेल, जिची महिन्याची अडचण असेल, जिचं तान्हं लेकरू रात्रभर रडलं असेल, तिची पाळी. उरलेल्या आठजणी तिची ओळ आपसात वाटून घ्यायच्या, धान तेवढंच वाळायचं. कोणाची पाळी ते यमुनाबाई सकाळी येतानाच ठरवायची, तोंडं पाहून. स्वतः मात्र ती कधी गेली नव्हती. साहेब बरोबर चालले त्या दिवशी बायांनी पाळी मोडली होती, नऊच्या नऊजणी चालल्या होत्या.

"कोन शिकवलं?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"कोन शिकवते? आमच्यात तलावात जाळं ओढतानी असंच अस्ते. एक जन काठावर दम घेते, बाकीचे ओढते. नाई तं सारेच थकते अना जाळं तलावातच राह्यते."

मला हर्ष झाला. साहेबांच्या वहीतल्या समासातल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या हातात होतं! मजूर आपसात एक वेगळीच, न लिहिलेली व्यवस्था चालवतात, हे गाइडमध्ये चार ओळींत होतं. मी ते पाठ केलं होतं, आणि आता ते समोर सतरंजीवर बसलं होतं. मी धावत ऑफिसात गेलो. साहेबांनी माझा चेहरा पाहिला आणि आधीच हात वर केला. "सांगू नको."

ते गुपित माझ्याच्यानं पोटात ठेववेना. ज्यांना सांगायचं होतं ते ऐकायला तयार नव्हते. पुढच्याच आठवड्यात शेठनं मला हटकलं. "काय रे, त्या खोलीत बसून काय करून राह्यले तुम्ही? मिलचा टाइम खाली फुकट." मला साहेबांच्या प्रयोगाची बाजू घ्यायची होती, हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं. त्यात निम्मं खरं आहे. निम्मं असं, की मला शेठसमोर हुशार दिसायचं होतं. मी म्हणालो, "शेठ, जे साहेबांना घड्याळानं सापडलं नाही ते मला खोलीत सापडलं." आणि सगळं सांगून टाकलं, करंजाच्या झाडासकट.

शेठ रागावले नाहीत. हसले. दुसऱ्या दिवशी दुपारी खळ्यावर आले आणि म्हणाले, "आठात काम होते ना? मग नववी कोण ते तुमचं तुम्ही ठरवा. उद्यापासून आठ."

धानाची वाफ तेवढी वर जात होती. यमुनाबाईनं पायातलं धान झटकलं, आपली पुरचुंडी उचलली. "नववी मीच," म्हणाली आणि ओळीतून बाहेर पडली. फाटकाकडे जाताना ती ऑफिसच्या खिडकीपाशी थांबली. आत साहेब उभे होते. त्यांच्या मागे मी, हातात झाडूची वही.

"तुले भाऊ म्हनलं होतं रे," ती साहेबांना म्हणाली. तोवर ती त्यांना कधी एकेरी बोलली नव्हती.

खोलीत कोण बसायचं हे तिलाही माहीत होतं. पण तिच्या लेखी मी कोण होतो? साहेबांचा कान. कानात गेलेलं डोक्यात जाणारच. शब्द साहेबांनी दिला होता. साहेबांना मात्र त्या क्षणी सगळं कळलं असणार, कारण त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहायचं टाळलं. मी पाहत होतो.

"खोली माझी होती, बाई," ते म्हणाले. "चूक माझी."

ती थांबली असती, मी पुढे झालो असतो, तर सगळं निराळं झालं असतं. मी वही छातीशी धरून उभा राहिलो.

साहेब शेठकडे गेले. यमुनाबाईला परत घ्या, नाहीतर मी जातो, म्हणाले. शेठ म्हणाले, जा. हंगामाचे उरलेले पाच आठवडे त्यांनी पुरे केले. बाया त्यांच्याशी बोलायच्या नाहीत, ते खळ्यावर आले की पाठ करायच्या. सावलीची पाळी संपली होती. आठ बाया दिवसभर उन्हात. माझ्याशी मात्र त्या पूर्वीसारख्याच बोलत राहिल्या, आणि मी बोलू दिलं. शेवटच्या दिवशी साहेबांनी खोलीला कुलूप घालून किल्ली माझ्या हातात दिली. मी त्यांना स्टेशनवर पोचवायलासुद्धा गेलो नाही.

याहून वाईट पुढे आहे. कोरपन्याजवळच्या एका सिमेंट कारखान्यात कार्मिक विभागाच्या मुलाखतीला गेलो, तिथं मी नवव्या बाईची गोष्ट सांगितली. मजुरांमधली न लिहिलेली व्यवस्था मी कशी शोधून काढली, म्हणून. मुलाखत घेणारे खूश झाले. पुढे प्रशिक्षणाच्या वर्गांत मी ती कितीतरी वेळा सांगितली. "आठ बाया आणि एक झाडाखाली!" म्हटलं की वर्ग हसायचा. यमुनाबाई ओळीतून बाहेर पडली, इथपर्यंत मी ती गोष्ट कधी नेली नाही.

नोकरीला दहाएक वर्षं झाल्यावर एकदा नागभीडला गेलो. साहेबांनी स्टेशनजवळ झेरॉक्सचं आणि सरकारी अर्ज भरून द्यायचं दुकान टाकलं होतं. एक म्हातारा निराधार योजनेचा अर्ज भरायला आला होता. साहेब पेन खाली ठेवून त्याची हकीकत ऐकत बसले होते. म्हातारा बोलत राहिला, मागं रांग लागली, कोणीतरी ओरडलं, "सायेब, आमचाई नंबर लावा ना, का इथीच जेवाले बसू?" साहेब ऐकतच होते. एक शब्द मधे बोलले नाहीत. ते शिकले होते.

मी विचारलं, "साहेब, पुढचे धडे वाचले का?"

"कुठले? अजून तोच चालू आहे."

चहा झाला. मी धीर करून म्हणालो, "साहेब, तेव्हा शेठला..."

"सांगू नको." या वेळी त्यांनी कान झाकले नाहीत. आवाजही चढवला नाही. "मला माहीत असलेलं मला सांगून काय होणार? जिला माहीत नाही तिला सांग."

मी हो म्हणालो आणि गेलो नाही. यमुनाबाईचं गाव मूलपासून जवळच, कोरपन्याहून मोटारसायकलनं एका दिवसात जाऊन परत येता येईल असं. वीस वर्षं मला तो एक दिवस मिळाला नाही. साहेब गेल्याचं कळल्यावर मी नागभीडला त्यांच्या घरी जाऊन आलो, त्यांच्या फोटोसमोर बसलो. तिथंही काही बोलता आलं नाही. बोलायची जागा ती नव्हतीच.

या हिवाळ्यात गेलो. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, ऊन पडलं होतं. बाया सुपात झिंगे निवडत, वाळत घालत बसल्या होत्या. यमुनाबाई एका कडेला होती. फार म्हातारी झालेली, पण बसलेली तशीच, भिंत नसताना भिंतीला टेकल्यासारखी.

"कोन होय? मिलातला बाबू का?"

मी जवळ बसलो. इकडचं तिकडचं झालं.

"तो म्यानेजर मेला म्हनते," ती म्हणाली.

"हो."

"मूलच्या टेसनावर दिसला होता एकदा. हात जोडले त्यानं. मी थुकली."

मी सांगितलं. हळू आवाजात, तिच्याकडे वाकून, जेवढं घडलं तेवढं. तिची बोटं झिंगे निवडत राहिली. मी थांबल्यावर थांबली.

"तू होय?"

"हो."

"अना त्यानं काऊन नाई सांगतलं?"

"शब्द त्यांनी दिला होता म्हणून असेल. मला वाचवायला असेल. मला नाही माहीत."

"तू काऊन नाई सांगतलं?"

"भीती वाटली."

"एवढी वर्सं?"

मी म्हणालो, "यमुनाबाई, मला माफ करा."

"माफीचं मंग पाहू," ती म्हणाली. "पन मले एकटीले कानात कायले सांगून राह्यला? त्या खोलीतई मी कानातच बोलली होती. काय झालं त्याचं?" ती गुडघ्यावर हात देऊन उठली आणि पाळीवर लांबवर बसलेल्या बायांना हाक मारली. "अवो शांते! पार्बते! साऱ्याजनी इकडं या वं! आपल्या मिलातला बाबू आला. त्याले म्यानेजर भाऊचं काईतरी सांगाचं हाये."

भाऊ म्हणाली ती.

त्या आल्या. नवातल्या पाच उरल्या होत्या, बाकी त्यांच्या सुना, शेजारणी. सुपं घेऊनच आल्या आणि माझ्याभोवती बसल्या. "बाबू पिकला गा," कोणीतरी म्हणालं, आणि हसणं झालं. मग त्यांनी सुपं खाली ठेवली. तीस वर्षांत किती वर्ग मी घेतले, किती लोकांसमोर बोललो. इथं आवाज खालीच राहिला. "त्या साली शेठला जे कळलं," मी म्हणालो, "ते साहेबांनी..."

"जोरानं बोल, बाबू," मागून एक म्हातारी म्हणाली. "इथी मांगं काईच आयकू नाई येऊन राह्यलं."

मी उभा राहिलो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.